नानांची सौम्य नापसंती

माझ्या धुळ्याच्या मावशीच्या घरात शिवी नव्हती. लसूण होता, मिरची होती, शेंगदाण्याच्या कुटाचा डबा कधी रिकामा नसायचा, पण शिवी नव्हती. खानदेशाबाहेरचा वाचक म्हणेल, यात काय विशेष? खानदेशातला मात्र इथेच थांबून विचारेल, मग त्या घरातली माणसं एकमेकांशी बोलायची कशी? कारण आमच्या यावलच्या घरी शिवी म्हणजे राग नव्हे. माझे वडील, ज्यांना आम्ही भाऊ म्हणायचो, सकाळी केळीच्या बागेत पाणी सोडताना एक शिवी पाटाला द्यायचे, एक बैलाला आणि उरलेल्या मला. एखाद्या दिवशी माझी राहून गेली तर आई त्यांच्या कपाळाला हात लावून बघायची, ताप तर नाही ना म्हणून. अशा घरातून मी उठलो आणि जिथे शिवी नाही अशा घरात शिकायला जाऊन पडलो.

खरं तर जळगावचं कॉलेज जवळ होतं. पण जळगावला माझे मित्र होते आणि सिनेमाची थिएटरं होती, आणि या दोन्ही गोष्टी भाऊंना माहीत होत्या. धुळ्याला मावशी होती. मावशीचे यजमान, ज्यांना सगळं गाव नाना म्हणायचं, एका जिनिंग-प्रेसमध्ये हेडक्लार्क होते. त्यांच्या कोटाला बारा महिने सरकीचा वास यायचा. सडसडीत, टापटिपीचा माणूस. बोलणं शुद्ध, छापल्यासारखं. घरात मावशी अहिराणी बोलायची, मुलगी कुसुमताई आईशी अहिराणी आणि बापाशी शाळेतली मराठी बोलायची, आणि नाना सगळ्यांशी शाळेतलीच बोलायचे. आणि जिथे इतर नवरे, बाप आणि हेडक्लार्क शिवी देतात, तिथे नाना इंग्रजी उद्गार काढायचे.

हे उद्गार त्यांनी तरुणपणी प्रेसच्या एका विलायती साहेबाकडून उचलले होते. साहेब कधीच मायदेशी गेला होता, पण त्याचे उद्गार धुळ्यात राहून गेले. नाना सांगायचे, "मधू, त्या माणसानं कधी आवाज चढवला नाही. कापसाच्या गाठी भिजल्या, तर म्हणाला, ओ डिअर. काटा मारणारा तोलारी पकडला, त्याला म्हणाला, रिअली? बस. एवढंच. तोलारी दुसऱ्या दिवसापासून आला नाही." मी विचारलं, त्याला काढून टाकलं होतं का? नाना म्हणाले, "ते काम दुसऱ्यानं केलं. पण तो खरा गेला तो रिअलीमुळे."

उद्गार ठाऊक असणं वेगळं आणि शिवी टाकणं वेगळं. शिवी टाकायला कारण झाली कुसुमताई. ती इवलीशी असताना तिच्या हातून शाईची दौत नानांच्या धोतरावर सांडली, आणि नानांनी खानदेशी बापाला शोभेल अशी एक शिवी दिली. पोरीला ती आवडली असावी. काही दिवसांनी शाळा तपासायला साहेब आले, त्यांनी कौतुकानं तिचा गाल ओढला, आणि तिनं बोबड्या बोलीत ती शिवी जशीच्या तशी त्यांना अर्पण केली. गुरुजी घरी आले. काही बोलले नाहीत, चहा घेतला आणि गेले. त्या दिवशी नानांनी देवापुढे पाणी सोडलं, की ही पोरगी या घरात आहे तोवर इथे शिवी ऐकू येणार नाही. आणि रिकाम्या झालेल्या जागी साहेबाचं सामान आणून मांडलं.

सामान वजनावारी लावलेलं होतं. सगळ्यात हलकं टट्-टट्. जीभ दातांमागे टेकवून, मान किंचित हलवून. दूध उतू गेलं, छत्री विसरली, मी उशिरा उठलो, तर टट्-टट्. त्यावर नाऊ-नाऊ, हे भांडणासाठी, पण त्या घरात भांडायला कोणी नसल्यामुळे ते बहुधा मांजरांवर खर्च व्हायचं. कोणी हटून बसलं तर कम-कम. आमटीत मीठ जास्त पडलं तर ओ डिअर, आणि ते म्हणताना चेहरा असा, की मीठ आमटीत नाही, त्यांच्या नशिबात पडलंय. रिअली हे ठेवणीतलं. ते काढायच्या आधी एक भुवई वर जायची, आणि ती वर गेली की कुसुमताई हळूच मला कोपर मारायची, बघ, निघालं. फाय, म्हणजे धिक्कार, म्हणून आणखी एक होतं, ते मी राहिलो तेवढ्या काळात कधी बाहेर आलं नाही. नाना म्हणायचे, ते वापरायची वेळ माणसावर येऊ नये.

मावशीवर या कशाचा परिणाम होत नसे. ती चुलीपुढे बसून भाकरी थापत असायची, बांगड्या मनगटावरून कोपराकडे ढकललेल्या, आणि मागून टट्-टट् ऐकू आलं की वळूनही न बघता म्हणायची, "काय टट-टट लाई राखं तुमी? घरमा कोंबड्या शेतस का?" नाना खाली मान घालून जेवायला लागायचे. भाकरी कळण्याची, ज्वारी-उडदाची, तिच्यावर तेल, बाजूला ठेचा. पलीकडच्या गल्लीत मोमिनांचे माग चालायचे, त्यांचा खडखडाट सकाळपासून भिंतीतून यायचा. पहिले काही दिवस मला त्यापायी झोप येईना, पुढे तो शुक्रवारी दुपारी बंद पडला की जाग यायला लागली. संध्याकाळी शेवभाजीचा तर्रीवाला वास सगळ्या गल्लीतून एकदम उठायचा, जणू घराघरांनी ठरवून फोडणी घातली. मावशीकडे वांग्याचं भरीत असलं की ती ते बडगीत, म्हणजे लाकडी कुंडीत, दांडक्यानं ठेचायची, आणि मला अजून वाटतं, नवऱ्याला जे बोलायचं राहून जायचं ते सगळं ती त्या वांग्यांना ऐकवत होती.

मी अर्थातच नानांच्या बाजूनं गेलो. कॉलेजात इंग्रजीचे सर भराभर बोलत आणि मला त्यातलं आणि, पण, परंतु एवढंच कळे. नानांचं इंग्रजी मात्र चार-पाच शब्दांत आटपत होतं आणि सगळीकडे चालत होतं. मी आरशापुढे उभा राहून भुवई वर न्यायचा सराव केला. माझ्या दोन्ही एकदम वर जायच्या, त्यामुळे नापसंतीऐवजी मला काहीतरी चावल्यासारखं दिसायचं. कुसुमताईनं एक भुवई बोटानं दाबून धरून दुसरी उचलायला शिकवली. सुटीत यावलला गेलो तेव्हा सगळी तयारी झाली होती. बागेतून केळीच्या घडांची गाडी निघाली, चाक पाटात रुतलं, बैल खाली बसला. भाऊ शिवी द्यायला तोंड उघडणार तोच मी हात वर केला, पुढे गेलो, आणि बैलाला म्हणालो, कम-कम. बैलानं माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, रिअली? भुवई बोटानं धरलेलीच होती. बैलानं मान दुसरीकडे फिरवली. भाऊ गाडीच्या मागून शांतपणे म्हणाले, "त्याले आपल्या बोलीत सांग बापा, तो धुळ्याले शिकाले नाही गेला."

त्या वेळी मी शहाणा झालो असतो तर हे प्रकरण इथेच संपलं असतं. पण धडा समजायला धडा आहे हे आधी कळावं लागतं. आज माझा पुण्याचा नातू सुटीला येतो आणि मी मोबाइल उलटा धरला की म्हणतो, "सीरियसली, आजोबा?" मग भुवई वर. एकच, आणि तीही बोटाशिवाय. नानांचा साहेब किती दूरवर जाऊन पोचला, एवढंच मनात येतं.

आता कुसुमताईकडे येतो, कारण पणाला लागलं होतं ते तिचं. तिचं अध्यापिकेचं शिक्षण पुरं झालं होतं आणि घरात स्थळांची बोलणी सुरू होती. त्यात दिनकर नावाचा मुलगा होता. घर तापीकाठचं, शिरपूरच्या बाजूचं, नोकरी वरणगावला कारखान्यात. कोणा नातेवाइकाचं सामान पोचवायच्या निमित्तानं तो दोनदा घरी येऊन गेला होता. पहिल्यांदा चहा साधा झाला. दुसऱ्यांदा चहात वेलदोडा होता. वेलदोडे मावशीच्या लोखंडी पेटीत तळाशी असत, सणाला निघत. मी कपाला तोंड लावलं आणि कुसुमताईकडे बघितलं. ती म्हणाली, "काय बघतोस? प्यायचा तर पी." म्हणजे मला कळलं, आणि मला कळलं हे तिलाही कळलं. पुढे बोलणी जुळत गेली आणि सुपारी फोडायचा दिवस ठरला. आंबे चालू झाले होते. दिनकरचे वडील, त्यांना सगळे आबा म्हणत, चार माणसं घेऊन येणार, जेवणार, सुपारी फुटणार, की झालं.

फक्त त्यांच्या भावकीत एक रीत होती. मुलाचा बाप मुलीकडे पहिल्यांदा ताटावर बसला की रुसायचा. कारण काही नाही. ताट पुढे सारायचं, हात गुडघ्यावर ठेवायचे आणि भिंतीकडे बघायचं. मग मुलीच्या आईकडच्या माणसानं, म्हणजे मामानं, पुढे व्हायचं आणि त्याला चांगलं झाडायचं. मोठ्यानं, सगळ्यांदेखत, जरा शिव्या मिसळून. आमच्या घरी येऊन नखरे करता का, तोंड उघडा, असं म्हणत पहिला घास त्याच्या तोंडात कोंबायचा. व्याही हसायचा, सगळे हसायचे, जेवण सुरू व्हायचं. यामागचा विचार असा, की माणूस आपल्या माणसालाच झाडतो. झाडलं म्हणजे नातं लागलं. आणि घास न घेता व्याही ताटावरून उठला, तर नातं लागलं नाही, सोयरीक संपली. असं क्वचित व्हायचं, पण झालेलं होतं आणि त्या घरांची नावं लोकांना पाठ होती.

आमचा बोदवडचा मामा या कामासाठी जन्माला आला होता. त्याचा आवाज स्टेशनवर गाडी थांबवेल असा. तो सकाळच्या गाडीनं यायचा होता. गाडी आली, मामा आला नाही. मागून कळलं, घरून निघतानाच त्याचा पाय मुरगळला होता. तोवर इकडे स्टँडवरून पाहुण्यांचे टांगे गल्लीच्या तोंडाशी आले. मावशी खापरापुढे बसली होती. उलट्या घातलेल्या मोठ्या मातीच्या खापरावर ती हातावर फिरवून फिरवून पातळ केलेली पुरणपोळी टाकत होती. कोपरापर्यंत पीठ, कपाळावर घाम. ती म्हणाली, "मध्या, तू भाऊ शे ना तिना? मग तूच झाड आबाले." नाना दारात उभे होते. ते म्हणाले, "झाडायला हवंच, पण या घरात शिवी नको. मधूला येतं." हे ऐकून माझी छाती फुगली. मी आत गेलो आणि पाण्यानं भांग पाडला.

कुसुमताई आतल्या खोलीत रसाचं पातेलं ढवळत होती. नवी साडी, हात कोपरापर्यंत पिवळे. ती हळूच म्हणाली, "मधू, आज शहाणपणा करू नकोस. मामा करतो तसं कर." मी म्हटलं, काळजी करू नको. ती म्हणाली, "तू असं म्हणतोस तेव्हाच काळजी वाटते. मला तिथेच जायचंय, समजलं?" इतकं स्पष्ट ती त्याआधी कोणाशीही बोलली नव्हती. मी मान डोलावली आणि मनातल्या मनात भुवईची जागा तपासली.

पंगत बसली. आबा मधोमध. भरदार माणूस, पांढरी टोपी, मिशा वळवलेल्या, अंगात कडक इस्त्रीचा सदरा. बाजूला दिनकर, पलीकडे त्यांची भावकी. ताटात घडी घातलेली पुरणपोळी, वाटीत आमरस, बाजूला पुरणाच्या कटाची झणझणीत रशी, कुरडया, भजी. नाना हात जोडून उभे. आबांनी ताटाकडे पोटभर बघून घेतलं, मग दोन बोटांनी ते पुढे सारलं, हात गुडघ्यावर ठेवले आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहायला लागले. मिशीच्या टोकाशी हसू तयार ठेवलेलं होतं. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी पुढे झालो. एक हात कमरेवर घेतला. जीभ दातांमागे टेकवली आणि म्हणालो, टट्-टट्.

आबा कॅलेंडरच बघत राहिले. त्यांना वाटलं, मी घसा साफ करतोय. मी म्हणालो, "कम-कम, आबा." मागांचा खडखडाट तेवढा ऐकू येत होता. आबांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून माझ्याकडे पाहिलं, पुढचं येऊ दे, अशा अर्थानं. मला वाटलं, गाडी रुळावर आली. मी बोट कपाळाकडे नेलं, डावी भुवई दाबून धरली, उजवी उचलली, आणि ठेवणीतलं काढलं. "रिअली, आबा?"

नानांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं, ते मी या डोळ्यांनी बघितलंय. आबांनी दिनकरकडे मान वळवली. "काय म्हनी ऱ्हायना रे हाऊ पोऱ्या?"

दिनकर प्रामाणिक मुलगा. कारखान्यात त्याचं साहेबांशी बोलणं होई, त्याला हे शब्द माहीत होते. त्यानं खरं ते सांगितलं. "आबा, हे इंग्रजीत रागावणं शे. म्हणजे, त्यांना थोडंसं वाईट वाटलं, असं."

"थोडंसं?" आबा म्हणाले.

"हो. सौम्य."

"मी इतला रुसनू," आबा म्हणाले, "आनि यासले थोडंसंच वाईट वाटनं?"

मिशीच्या टोकाचं हसू गेलं. आबांनी भावकीकडे पाहिलं. त्यांतला एक जण पुटपुटला, "मनमा नही शे यासना." आबा म्हणाले, "तेच. परका मानूसशी गोड बोलतस. आपला मानूसले झाडतस. यासनी आमले परकं धरं." हे त्यांनी रागानं म्हटलं असतं तर बरं झालं असतं. ते अगदी हळू बोलले, दुखावल्या आवाजात, आणि गुडघ्यावरचे हात जमिनीला टेकवले. माणूस उठायच्या आधी टेकवतो तसे.

मी नानांकडे बघितलं. नाना पुढे झाले. आता त्यांनी तोंड उघडावं आणि तरुणपणीची एक अस्सल काढावी, एवढंच काम उरलं होतं. सगळी खोली वाट बघत होती. नानांचे ओठ हलले. मानेची शीर ताठ झाली. मला दिसत होतं, तो माणूस आतल्या आत सगळी दारं उघडून बघतोय, आणि सगळ्या खोल्या रिकाम्या. शेवटी जे बाहेर आलं ते असं होतं, "ओ डिअर."

आबांचा एक गुडघा जमिनीवरून उठला. आतल्या खोलीतलं ढवळणं थांबलं होतं. दाराच्या फटीत कुसुमताईचे डोळे दिसले, ते माझ्याकडे नव्हते, दिनकरकडे होते, आणि दिनकर ताटाकडे बघत होता. आणि तेवढ्यात स्वयंपाकघराच्या पडद्यामागून मावशीचा आवाज आला.

आमच्याकडे मुलीची आई व्याह्यांशी समोरासमोर बोलत नसे, त्या काळी तर नाहीच. मावशी त्यांच्याशी बोललीही नाही. ती माझ्याशी बोलली. लेकी बोले सुने लागे, असं आपल्यात म्हणतात. त्या दिवशी लेक मी होतो.

"मध्या," ती म्हणाली, "तू मानूस शे का बुजगावनं शे रे? सकायपाइन मी खापरवर हात जाळी ऱ्हायनू, ते कोनकरता? पोळी थंडी व्हई ऱ्हायनी, रस काळा पडी ऱ्हायना, आनि आठे भितडाकडे तोंड करीसन बठेल शेतस. ज्याले रुसनं शे त्यानी भरेल पोटवर रुसो. उपाशी पोटले राग पचत नही, इतलं बी समजत नही का तुले?" प्रत्येक वाक्य माझ्या नावानं सुटत होतं आणि आबांवर जाऊन पडत होतं. "मी मनी आंडेर, मनी पोर दी ऱ्हायनू, बजारमा वांगा नही ईकी ऱ्हायनू, का लोके हातमा लेतीन, दाबी पाहतीन आनि चालना जातीन. मिशा इतल्या मोठल्या, आनि अक्कल वाटीमा मावस." मला मिशी नव्हती. मी वरच्या ओठाला हात लावून बघितला. ती तिथे थांबली नाही. इंग्रजीचा उद्धार झाला, भुवईचा झाला, ज्या साहेबानं तिच्या नवऱ्याचं तोंड बंद करून ठेवलं त्याच्या बोटीचा झाला. नानांनी मांजरांना नाऊ-नाऊ म्हणता म्हणता सगळी पुरुषजात मांजर करून टाकली, असंही एक वाक्य होतं. पुष्कळ वर्षं साठवलेलं होतं, आणि वांग्यांनी त्यातलं थोडंच खाल्लं होतं. पण सबंध बोलण्यात शिवी एकही नव्हती. हे माझ्या नंतर लक्षात आलं. पडद्याच्या अलीकडे कोणाच्याच लक्षात आलं नाही, इतकं ते भरलेलं होतं.

आबा अर्धवट उठलेल्या गुडघ्यावर तसेच थांबले होते. मिशांचं वाक्य आलं तेव्हा त्यांच्या खांद्याला हिसका बसला. भितडाचं आलं होतं तेव्हा त्यांनी कॅलेंडरकडे एकदा चोरून बघितलं होतं. शेवटी ते हळूहळू पुन्हा खाली बसले, ताट दोन्ही हातांनी जवळ ओढलं आणि पडद्याकडे न बघता म्हणाले, "आते कसं. आते माले वाटनं, मी सोयरासना घर ऊनू." मग माझ्याकडे बघून आ केला.

मी पोळी मोडली, रसात बुडवली आणि घास भरवायला गेलो. तो इतक्या घाईनं कोंबला, की निम्मा रस मिशीवर आणि उरलेला इस्त्रीच्या सदऱ्यावर गेला. आबांनी खाली बघितलं. आणि तोंडातला घास न गिळताच त्यांनी मला जी शिवी दिली ती इथे छापता येणार नाही. पण मी खात्रीनं सांगतो, ती पहिल्या प्रतीची होती, तिच्यात माझ्या तीन पिढ्या होत्या आणि एकीवरही अन्याय नव्हता. सगळी पंगत हसली. दिनकर इतका हसला, की त्याला ठसका लागला आणि आतून कोणी न सांगता पाण्याचा तांब्या आला. तो घेऊन कोण आलं, हे वेगळं सांगायला नको. जेवणानंतर सुपारी फुटली. आबा पोटावर हात फिरवत म्हणाले, पोळ्या अशा खाल्ल्या नाहीत. त्यांनी नेमक्या किती खाल्ल्या, हे मावशीला माहीत होतं, पण त्या घरात पाहुण्याच्या पोळ्या मोजत नसत.

टांगे गेले. तिन्हीसांजेला घर एकदम मोठं वाटायला लागलं. मावशी खापरापाशीच भिंतीला टेकून झोपली होती, तोंड उघडं. नाना ओट्यावर बसले होते. दिवसभर त्यांच्या पोटात काही गेलं नव्हतं. मी जाऊन म्हटलं, नाना, जेवून घ्या. ते समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. मी आणखी काही म्हणायला तोंड उघडलं, आणि आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच मला वाटलं, हे आपलं काम नाही. मी गप उंबऱ्यावर बसलो.

कुसुमताई ताट घेऊन बाहेर आली. साडी बदललेली, हाताला अजून आंब्याचा वास. तिनं ताट नानांपुढे ठेवलं. नानांनी ते दोन बोटांनी जरासं पुढे सारलं. ते त्यांनी मुद्दाम केलं की नकळत, हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

ती बापाशी नेहमी शाळेतली मराठी बोलायची, हे मी सांगितलंय. त्या वेळी ती आईच्या बोलीत बोलली. "काय तोंड करीसन बठनात तुमी?" आवाज मोठा नव्हता. "सकायपाइन पोटमा काही नही. शरीर म्हनजे काय प्रेसनं मशीन शे का? मी गऊ का मंग कोन घास भरवी तुमले? उघडा तोंड."

नानांनी तिच्याकडे बघितलं. टट् नाही, कम नाही, भुवई जागची हलली नाही. त्यांनी तोंड उघडलं. तिनं घास भरवला. ते बराच वेळ चावत राहिले, इतक्या मऊ पोळीला एवढं चावायची गरज नव्हती.

मग ते म्हणाले, "वरनगाव कितलं दूर शे?"

ज्या माणसानं अख्खी नोकरी खानदेशभर कापसाच्या गाठी पाठवण्यात काढली, त्याला वरणगाव किती दूर आहे हे विचारायची जरूर नव्हती. आणि मी त्या घरात राहायला आल्यापासून त्यांच्या तोंडून ती बोली मी पहिल्यांदा ऐकत होतो.

"सकायनी गाडीमा बसनात," कुसुमताई दुसरा घास करत म्हणाली, "तं दुपारना जेवनले मना घर."

मना घर, हे ती सहज म्हणून गेली. म्हणून झाल्यावर तिचा हात ताटात थांबला. पलीकडच्या गल्लीतले मागही बंद झाले होते. नानांनी ताटातली रिकामी वाटी उचलली आणि तिच्यापुढे धरली.

"रस वाढ," ते म्हणाले.